‘ग्रॅज्युएशन’ झालंय, पण इंग्रजी फॉर्ममध्ये ते लिहायचं कसं?

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, 2022 ला निकाल लागला, आता अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतेय. फॉर्मच्या पहिल्याच पानावर ‘अंडरग्रॅज्युएट’ आणि ‘ग्रॅज्युएट’ असे दोनच पर्याय. ‘पोस्ट ग्रॅज्युएट’ कुठेच नाही. त्यात भर म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मावसभावाने तिच्या एसओपीतल्या (म्हणजे आपल्याला हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधातल्या) पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ ओढली. वाक्य असं: ‘आय हॅव कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन इन 2022 अँड नाऊ आय वॉन्ट टू डू माय पोस्ट ग्रॅज्युएशन.’ तो म्हणाला, असं इंग्रजीत कुणी बोलत नाही. तिचं म्हणणं, आमच्याकडे तर सगळे असंच बोलतात, नोकरीच्या जाहिरातींतही असंच असतं, मग नेमकं चुकलं काय?

फॉर्मचं आधी उरकून घेऊ. ‘ग्रॅज्युएट’वर टिक करा. अमेरिकेत बॅचलर डिग्रीसाठी शिकतो तो अंडरग्रॅज्युएट, आणि ती हातात पडल्यावर मास्टर्स किंवा पीएचडी करतो तो ग्रॅज्युएट स्टुडंट. म्हणजे आपण ज्याला पीजी म्हणतो ते तिथलं ‘ग्रॅज्युएट’, आणि आपलं यूजी ते ‘अंडरग्रॅज्युएट’. जीआरई परीक्षेच्या नावातला ‘जी’ हाच. ती परीक्षा ग्रॅज्युएट स्कूलच्या प्रवेशासाठी असते, म्हणजे मास्टर्सच्या आणि पीएचडीच्या. चुकून ‘अंडरग्रॅज्युएट’ निवडलंत तर पुढचं अख्खं पान बारावीच्या मार्कांचं आणि एसएटीचं, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचं, उघडेल. तसं झालं की समजा, दार चुकलं.

आता लाल रेघेकडे वळू. मी छत्रपती संभाजीनगरात इंग्रजी शिकवतो आणि पोरांचे अर्ज, बायोडेटा, एसओपी तपासणं हा त्याला जोडून आलेला उद्योग. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून कागद येतात आणि ‘कम्प्लिटेड माय ग्रॅज्युएशन’ बहुतेकांत असतंच. मावसभाऊ निम्मा बरोबर आहे. ‘कुणी बोलत नाही’ हे त्याचं म्हणणं खरं नाही. भारतात कोट्यवधी लोक असंच बोलतात, लिहितात, आणि एकमेकांना ते बरोबर कळतं. वाळूजच्या एखाद्या कंपनीच्या एचआरला हे वाक्य पाठवलंत तर त्याची भुवईसुद्धा वर जाणार नाही. पण तुमचा कागद वाचणारा बसलाय ओहायोत किंवा टेक्ससमध्ये. त्याच्या कानाला हे वाक्य वेगळं लागतं, आणि ते का लागतं हे एकदा कळलं की बाकीचे घोटाळे आपोआप सुटतात.

आपल्याकडे कॉलेजच्या पोराला विचारा, ‘काय करायलास सध्या?’ तो म्हणेल, ‘ग्रॅज्युएशन करायलोय.’ त्याच्या लेखी ग्रॅज्युएशन म्हणजे तीन वर्षांचा काळ. तो चालू असतो, अर्धा होतो, राहून जातो, बाहेरून करता येतो, लग्नानंतर पूर्ण करता येतो. आपण ‘दहावी’, ‘बारावी’ म्हणतो तसाच हा शिक्षणाचा एक टप्पा, आणि त्या टप्प्याचं नाव ग्रॅज्युएशन. इंग्रजीत मात्र हा काळ नाही, तो क्षण आहे. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘ग्रादुस’ आहे, म्हणजे पायरी. पायरीवर पाय पडला की झालात ग्रॅज्युएट, त्याआधी नाही. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तुम्ही जो ‘ग्रॅज्युएटेड सिलिंडर’ वापरलात त्यावरच्या रेघा म्हणजे याच पायऱ्या. डिग्री मिळाली तो दिवस, किंवा ती देण्याचा समारंभ, एवढंच इंग्रजीतलं ‘ग्रॅज्युएशन’. म्हणून ‘माय ग्रॅज्युएशन वॉज इन लातूर’ हे अमेरिकन माणूस ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काळा गाऊन, चौकोनी टोपी आणि फोटो काढणारे आईवडील येतात. तुम्ही सांगत असता तीन वर्षांचा अभ्यास, तो ऐकत असतो एका दुपारचा कार्यक्रम.

याचा अर्थ ‘ग्रॅज्युएशन’ शब्दाला हातच लावायचा नाही असं नव्हे. ‘आफ्टर ग्रॅज्युएशन आय वर्क्ड इन अ लॅब इन पुणे’ हे कुठल्याही देशात चोख इंग्रजी आहे, कारण तिथे तो क्षणच अभिप्रेत आहे, त्या क्षणानंतर काय केलं ते तुम्ही सांगताय. ‘ग्रॅज्युएशन डेट’ चालतं. अडतं कुठे, तर ‘डूइंग ग्रॅज्युएशन’, ‘ग्रॅज्युएशन पर्सेंटेज’, ‘ग्रॅज्युएशन इन केमिस्ट्री’ अशा ठिकाणी. तिथे ‘ग्रॅज्युएशन’ खोडून ‘बॅचलर्स डिग्री’ किंवा सरळ ‘बीएस्सी’ लिहायचं. ‘आय अर्न्ड अ बीएस्सी इन केमिस्ट्री इन 2022.’ संपलं. मी पोरांना सांगतो, डिग्रीचं नाव घ्या, टप्प्याचं नाव घेऊ नका. एवढं पाळलं तर दहातल्या नऊ लाल रेघा पडतच नाहीत.

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मावसभावाच्या नजरेतून निसटली. ‘हॅव कम्प्लिटेड’ आणि ‘इन 2022’ एका वाक्यात बसत नाहीत. साल सांगितलं की साधा भूतकाळ, ‘कम्प्लिटेड’. ही मात्र खरीखुरी व्याकरणाची चूक, भारतातही चूकच. ‘ग्रॅज्युएशन’चा मुद्दा वापराचा आहे, तो देशागणिक बदलतो. हा तसा नाही.

‘पोस्ट ग्रॅज्युएशन’ची गंमत तर याहून मोठी. नाम म्हणून, म्हणजे ‘आय डिड माय पोस्ट ग्रॅज्युएशन फ्रॉम नांदेड’, हे आपल्याच मुलखातलं. बाहेर ‘पोस्ट-ग्रॅज्युएशन’ ऐकलं की अर्थ होतो ‘ग्रॅज्युएशननंतरचं’. कॅनडाला गेलेल्या मुलांच्या तोंडी पीजीडब्ल्यूपी हा शब्द सतत असतो, त्याचं लांबलचक नाव ‘पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट’. आमच्याकडच्या एका पालकांना वाटायचं की हा परमिट फक्त एमएस्सी, एमकॉमवाल्यांना मिळतो, मुलगा तर डिप्लोमाला गेलाय. तसं काही नाही. तिथलं शिक्षण संपल्यानंतर काम करायचा परवाना, एवढाच त्याचा अर्थ, आणि पात्र डिप्लोमालाही तो मिळतो. तेव्हा एसओपीत ‘माय पोस्ट-ग्रॅज्युएशन प्लॅन्स’ लिहिलंत तर वाचणारा समजेल की तुम्ही शिक्षण संपल्यावर काय करणार ते सांगताय. एमएस करायचंय असं म्हणायचं असेल तर ‘मास्टर्स’ म्हणा.

ब्रिटन मात्र आपल्या जवळचं. तिथे ‘पोस्टग्रॅज्युएट’ हाच शब्द चालतो, पण विशेषण म्हणून किंवा माणसासाठी: ‘पोस्टग्रॅज्युएट कोर्स’, ‘अ पोस्टग्रॅज्युएट’. त्यांच्या फॉर्ममध्ये ‘पोस्टग्रॅज्युएट टॉट’ आणि ‘पोस्टग्रॅज्युएट रिसर्च’ असे दोन फाटे दिसतील. वर्गात बसून करायची एमएस्सी पहिल्यात, पीएचडी दुसऱ्यात. आणि ब्रिटनमध्ये नुसतं ‘अ ग्रॅज्युएट’ म्हणजे डिग्री घेऊन बाहेर पडलेला, बहुतेक वेळा नोकरीच्या उंबरठ्यावरचा. ‘ग्रॅज्युएट स्कीम’, ‘ग्रॅज्युएट जॉब’ तिकडच्या जाहिरातींत असतात ते या अर्थाने. 2021 पासून त्यांनी शिक्षण संपल्यावर थांबण्यासाठी जो व्हिसा सुरू केला त्याचं नावही ‘ग्रॅज्युएट व्हिसा’. तोच शब्द अमेरिकेत पुढे शिकणाऱ्याचा आणि ब्रिटनमध्ये शिकून झालेल्याचा, हे डोक्यात पक्कं ठेवा. दोन्ही देशांत एकाच आठवड्यात अर्ज करणारी मुलं इथेच घसरतात.

खरं तर हा ब्रिटिश अर्थ आपल्या घरात कधीपासून आहे, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. शेंद्रा-वाळूजच्या कंपन्यांत जीईटी आणि डीईटी भरतात. जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, इंजिनिअरिंगची डिग्री झालेला, डीईटी डिप्लोमावाला. केंद्रीय विद्यालयांतले टीजीटी (ट्रेन्ड ग्रॅज्युएट टीचर) आणि पीजीटी (पोस्ट ग्रॅज्युएट टीचर) शिक्षकही तसेच. गेट परीक्षेच्या नावातला ‘ग्रॅज्युएट’ही त्याच कुळातला, फक्त ती परीक्षा शेवटच्या वर्षाच्या आधीच देता येते, म्हणजे नावाला ग्रॅज्युएट आणि हातात डिग्री नाही असा प्रकार. आणि सगळ्यांत ठळक उदाहरण विधान परिषदेचं. पदवीधर मतदारसंघाला आधार आहे राज्यघटनेच्या 171 व्या अनुच्छेदाचा, त्यात ‘ग्रॅज्युएट्स ऑफ एनी युनिव्हर्सिटी’ असे शब्द आहेत आणि पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असावीत अशी अट आहे. महाराष्ट्रात पदवीधरांच्या अशा सात जागा, त्यातली एक आपल्या आठ जिल्ह्यांची. निवडणुकीआधी गल्लीतले कार्यकर्ते फॉर्म नंबर 18 घेऊन ‘ग्रॅज्युएशन झालंय का?’ विचारत फिरतात, तेव्हा त्यांना तुमची तीन वर्षं नको असतात, ती पायरी ओलांडल्याची तारीख हवी असते.

त्या अनुच्छेदातला ‘ऑफ’ बघून ठेवा. नाम असेल तर ‘ऑफ’: ‘शी इज अ ग्रॅज्युएट ऑफ सच अँड सच युनिव्हर्सिटी’. क्रियापद असेल तर ‘फ्रॉम’: ‘शी ग्रॅज्युएटेड फ्रॉम...’. अमेरिकेत हल्ली ‘आय ग्रॅज्युएटेड कॉलेज’ असं ‘फ्रॉम’ गाळून सर्रास बोलतात, मालिकांमधून ते आपल्या पोरांच्याही कानी पडलंय. बोलण्यात काय हवं ते करा, एसओपीत ‘फ्रॉम’ घालाच. काटेकोर संपादकांना ते गाळलेलं अजून खटकतं. उलट टोकाचं रूप जुन्या अमेरिकन पुस्तकांत सापडेल, ‘ही वॉज ग्रॅज्युएटेड फ्रॉम...’. एकोणिसाव्या शतकात तेच शुद्ध मानलं जायचं, कारण डिग्री विद्यापीठ देतं, माणूस स्वतःला देत नाही, असा त्यामागचा विचार. तर्क चांगला होता, भाषेने तो सोडून दिला.

हे जुनं रूप सांगायचं कारण, आपल्याकडे ‘आय अॅम ग्रॅज्युएटेड’ आणि ‘आय अॅम ग्रॅज्युएट’ ही दोन वाक्यं फार येतात आणि कुणीतरी जुन्या पुस्तकाचा दाखला देऊन ती बरोबर ठरवायला बघतो. ‘मी ग्रॅज्युएट आहे’ हे मराठी वाक्य त्यात सरळ उतरलंय. पर्याय दोनच: ‘आय अॅम अ ग्रॅज्युएट’, त्यातला ‘अ’ विसरायचा नाही, किंवा ‘आय ग्रॅज्युएटेड’. ‘आय अॅम बीएस्सी’ हेही तसंच, ‘आय हॅव अ बीएस्सी’ म्हणा.

उच्चाराचं दोन ओळींत सांगतो, व्हिसाच्या मुलाखतीत उपयोगी पडेल. क्रियापदाचा शेवट ‘-एट’ असा लांब, नामाचा आखूड, ‘ग्रॅजुअट’सारखा. ‘एस्टिमेट’, ‘डेलिगेट’, ‘असोसिएट’ यांचंही तसंच. चुकलं तरी कुणी व्हिसा नाकारत नाही.

आता एक भाग असा की जो भाषेचा कमी आणि कागदाचा जास्त आहे, पण आपल्याकडच्या मुलांचं खरं नुकसान इथे होतं. ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहिलं, पुढे काय? कॉलेजचं नाव की विद्यापीठाचं? अमेरिकन वाचकाच्या डोक्यात ही दोन बहुतेक वेळा एकच असतात, कारण तिथे ज्या संस्थेत शिकतात तीच डिग्री देते. आपल्याकडे कॉलेज शिकवतं आणि ज्या विद्यापीठाला ते संलग्न आहे ते डिग्री देतं. फॉर्ममध्ये ‘इन्स्टिट्यूशन अवॉर्डिंग द डिग्री’ विचारलं असेल तिथे विद्यापीठ, ‘इन्स्टिट्यूशन अटेंडेड’ असेल तिथे कॉलेज. एकच रकाना असेल तर विद्यापीठाचं नाव लिहा आणि कॉलेजचं नाव एसओपीत किंवा बायोडेटात ‘अफिलिएटेड टू’ लावून द्या.

आणि विद्यापीठाचं नाव म्हणजे डिग्रीच्या कागदावर छापलंय तेच, अक्षर न् अक्षर. ‘मराठवाडा युनिव्हर्सिटी’ असं मोघम लिहिणारे अजून भेटतात. बाहेरच्या माणसाने शोधायला घेतलं तर त्याला ‘मराठवाडा’ नावाची तीन विद्यापीठं सापडतील. संभाजीनगरचं 1958 चं, जे 1994 पर्यंत नुसतं मराठवाडा विद्यापीठ होतं आणि 14 जानेवारी 1994 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, 1994 च्याच सप्टेंबरात स्थापन झालेलं, ज्याच्याकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली येतात. आणि परभणीचं 1972 चं कृषी विद्यापीठ, ज्याला आता वसंतराव नाईकांचं नाव आहे. तुम्ही लातूरच्या, तुमच्या बीएस्सीच्या कागदावर नांदेडचं नाव असणार. पण तुमच्या वडिलांनी त्याच कॉलेजातून 1990 ला डिग्री घेतली असेल तर त्यांच्या कागदावर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेल, आणि 1958 आधीच्या एखाद्या आजोबांच्या कागदावर हैदराबादचं उस्मानिया. पालकांच्या शिक्षणाची माहिती विचारणारे फॉर्म असतात, म्हणून सांगितलं. तिन्ही नावं आपापल्या जागी बरोबर, आजच्या नावाने जुनी ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

तारखेचंही तसंच. निकाल उन्हाळ्यात लागतो, पदवीदान पुढे कधीतरी होतं आणि सर्टिफिकेटवर त्या समारंभाची तारीख पडते. फॉर्म काय विचारतोय ते वाचा. ‘कम्प्लिशन’ म्हणजे शेवटचं वर्ष पास झाल्याची तारीख, ती मार्कमेमोवरून घ्या. ‘डिग्री कन्फर्ड’ किंवा ‘अवॉर्डेड’ म्हणजे सर्टिफिकेटवरची. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असणं साहजिक आहे, त्याला घाबरून दोन्हीकडे एकच तारीख टाकू नका. पडताळणीत तीच अडचण होते. सर्टिफिकेट अजून विद्यापीठातच पडून असेल तर आधी अर्ज करून ते काढून घ्या, तोवर प्रोव्हिजनल जोडा. समारंभाला आपण ‘कॉन्व्होकेशन’ म्हणतो ते कॅनडात कळतं. अमेरिकेत त्याचं नाव ‘कमेन्समेंट’, म्हणजे चक्क ‘आरंभ’, आणि ‘कॉन्व्होकेशन’ तिथे बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीच्या सभेला म्हणतात.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण अर्जात दिसली: बायोडेटात ‘2022 पासआउट’ असं लिहिलंय. हे काढाच. ‘ग्रॅज्युएशन’चा फार तर गोंधळ होतो, इथे हसू होतं. सर्वसाधारण इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं, उन्हाने किंवा दारूने. लष्करातली गोष्ट वेगळी: खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ होते आणि तिथला कॅडेट खुशाल ‘पास आउट’ होतो, हा ब्रिटिश लष्करी वापर आहे. तिथूनच तो आपल्या कॉलेजांत आला असावा असा माझा अंदाज. हिंजवडीच्या जाहिरातींना उत्तर देताना ‘पासआउट’ चालेल. अमेरिकेसाठी ‘क्लास ऑफ 2022’ किंवा ‘ग्रॅज्युएटेड इन 2022’.

तुमचा धाकटा भाऊ टीवायला आहे आणि त्यालाही आत्ताच तयारी करायचीय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो आज अंडरग्रॅज्युएट. ‘एक्स्पेक्टेड ग्रॅज्युएशन डेट’ या रकान्यात त्याने निकालाचा अपेक्षित महिना टाकायचा. वर्ष विचारलं तर ‘थर्ड अँड फायनल इयर’ असं पूर्ण लिहावं. टीवाय तिथे कुणाला कळणार नाही आणि अमेरिकन हिशोबाने ‘ज्युनिअर’ म्हटलं तर त्याचं अजून एक वर्ष बाकी आहे असा अर्थ होईल, कारण त्यांचा बॅचलर कोर्स चार वर्षांचा. याच कारणाने तिकडची काही विद्यापीठं तीन वर्षांच्या बीएस्सीवर थेट प्रवेश देत नाहीत, ते तुम्हीही फी भरण्याआधी त्यांच्या पात्रतेच्या पानावर बघून घ्या. आणि त्याचा एसवायचा एखादा विषय राहिलाय म्हणालात, त्यासाठी ‘एटीकेटी’ लिहू नये. ही महाराष्ट्रातली आणि आसपासच्या काही राज्यांतली सोय आहे, देशाबाहेर पडलं की या चार अक्षरांना काही अर्थ उरत नाही. विचारलं तरच ‘वन कोर्स टू बी रिपीटेड’ असं लिहावं, आणि तो पेपर आधी काढावा.